गाण्यांचा स्टॉक: चिठ्ठी डब्यावर नको, डब्यात हवी



स्टॉक रजिस्टरचा व्हिडिओ टाकला, त्याच आठवड्यात एका ताईंचा फोन आला. त्यांचं कटलरीचं दुकान आहे. म्हणाल्या, "दादा, दुकानाचं समजलं. पण घरच्या कॉम्प्युटरवर गाण्यांचे सहा फोल्डर आहेत. नवीन, नवीन २, जुनी, मम्मी, पेनड्राइव्ह आणि न्यू फोल्डर. एक गाणं शोधायला अर्धा तास जातो. हे लावायचं कसं?"

मी आधी हसलो. मग म्हटलं, ताई, याच गोष्टीत मी असा माल घालवून बसलोय जो पैसे मोजूनही परत मिळत नाही. तेव्हा आज धंद्याचं थोडं बाजूला ठेवतो आणि हे लिहितो. तसं पाहिलं तर हेही स्टॉकचंच काम आहे.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, फलटणला आळीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. माऊलींची पालखी फलटणला मुक्कामाला असते, त्या रात्री मंडळाचं भजन व्हायचं आणि आण्णा घरचा टू-इन-वन घेऊन जायचे. एकादशीचं भजन, काकडा, कुणाच्या घरचा सत्यनारायण, सगळं टेप करायचे. अशा ३८ कॅसेट कपाटात होत्या. २०१६ च्या दिवाळीनंतर दुकानात जरा निवांतपणा होता, म्हणून मी त्या कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो.

पहिल्या ११ कॅसेटना आण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले. ते सांगायचे, मी टाइप करायचो. "हा आवाज आपल्या कापडवाल्या मामांचा. मृदंगावर कोण आहे बघ, थांब, परत लाव." एका कॅसेटला आमची कधी कधी चार संध्याकाळी जायच्या. मग मार्च उजाडला, वह्या-पुस्तकांच्या सीझनची तयारी सुरू झाली, आणि उरलेल्या २७ कॅसेट मी नुसत्या रेकॉर्ड करून फाइलला नाव देऊन टाकलं. 'भजन १७ बी साइड ३' वगैरे. कोण गातंय, कधीचं, कुठलं, ते नंतर भरू म्हटलं. हा 'नंतर' आपल्या दुकानदारांच्या चांगल्या ओळखीचा आहे. उधारी पण नंतरच येते.

घराला रंग काढला तेव्हा कॅसेट भंगारात गेल्या. डिजिटल झालंय ना सगळं, मग जागा कशाला अडवायची. २०२१ मध्ये आण्णा गेले. २०२२ मध्ये ती हार्ड डिस्क गेली. दुसरी कॉपी नव्हती.

पुण्यातल्या एका रिकव्हरीवाल्याने बऱ्याच फाइल काढून दिल्या. पेनड्राइव्ह लावला आणि बघतो तर ३३५ फाइल, सगळ्यांची नावं नुसते आकडे. मी दिलेलं एकही नाव शिल्लक नव्हतं. पण गाण्याच्या प्लेअरमध्ये त्या ओढल्या, तेव्हा १०१ फाइलींवर सगळी माहिती जशीच्या तशी दिसायला लागली. गाणारा, वर्ष, जागा, मृदंग कोणाचा तेसुद्धा. आण्णा शेजारी बसले होते त्याच त्या ११ कॅसेट. बाकीच्या २३४ मुक्या.

हे असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण गाण्यांची लायब्ररी लावण्यातला अर्धा मुद्दा इथेच आहे.

बाहेरची चिठ्ठी, आतली चिठ्ठी

फाइलचं नाव हे फाइलच्या आत नसतं. ते डिस्कच्या सूचीत असतं. गोडाऊनच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं ना, की तिसऱ्या रॅकवर अमुक माल, तसं. रजिस्टर जळालं तरी माल रॅकवर असतो, पण कोणता माल ते कळत नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर अशा वेळी डिस्कवरचा माल थेट वाचत जातं, 'हा एमपीथ्री दिसतोय' म्हणून बाहेर काढतं आणि स्वतःच्या मनाने नंबर देतं.

टॅग मात्र फाइलच्या आत असतो. एमपीथ्रीमध्ये त्याला आयडीथ्री टॅग म्हणतात. गाणं, गायक, अल्बम, वर्ष, संगीतकार, गीतकार, शेरा, मुखपृष्ठाचा फोटो, हे सगळं त्याच फाइलमध्ये आवाजाबरोबर शिवलेलं असतं. फाइल पेनड्राइव्हवर जाऊ दे, मोबाइलवर जाऊ दे, नाव बदलू दे, टॅग सोबत जातो. बिस्किटाच्या खोक्यावर तुम्ही मार्करने लिहिता ते फाइलचं नाव. पुड्यावर छापलेला बॅच नंबर आणि तारीख म्हणजे टॅग. खोकं फाटलं तरी पुडा बोलतो.

हाच नियम बाकीकडे लावून बघा. तुम्ही गाण्याला पाच स्टार दिले, ते काही प्लेअर फाइलमध्ये लिहीत नाहीत, स्वतःच्या वहीत लिहितात. विंडोज नव्याने टाकलं की वही गेली. प्लेलिस्टची फाइल म्हणजे सुद्धा फक्त पत्त्यांची यादी असते. फोल्डर हलवला की पत्ते चुकतात आणि गाणी 'सापडत नाही' म्हणून लाल दिसतात. त्यामुळे नवीन काहीही करताना स्वतःला विचारा: ही माहिती डब्यावर जातेय की डब्यात?

पण आता हे सगळं ठेवायचंच कशाला, मोबाइलवर सगळं मिळतंच की, असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे, मी पण ऐकतो. पण ती दुकानातली भाड्याची जागा आहे, मालकीची नाही. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. विंक म्युझिक आणि रेसो २०२४ मध्ये. तिथे लोकांनी वर्षानुवर्षं बनवलेल्या याद्या होत्या. आणि आण्णांच्या मंडळाचं भजन तर कुठल्याच ॲपवर कधीच नव्हतं.

आधी ए, मग बी, मग सी

बीबीएला आम्हाला एबीसी ॲनालिसिस शिकवलं होतं. सगळ्या मालाकडे सारखं लक्ष द्यायचं नाही. गाण्यांनाही तेच लावा, फक्त किंमत रुपयांत मोजू नका, परत मिळेल का यात मोजा.

'ए' म्हणजे जगात तुमच्याकडेच आहे तो माल. आजीच्या ओव्या, लग्नातलं रुखवताचं गाणं, शाळेच्या गॅदरिंगची कॅसेट, मंडळाचं भजन. 'बी' म्हणजे जे बाजारात होतं पण आता सहज मिळत नाही. लोकल कंपनीने काढलेल्या लोकगीतांच्या कॅसेट, एखाद्या शाहिराचा पोवाडा, बंद पडलेल्या अल्बमची सीडी. 'सी' म्हणजे बाकी सगळं, जे आज रात्री डिस्क उडाली तरी उद्या सकाळी परत मिळेल.

मी बघितलंय, लोक उलटं करतात. सी गटाची चार हजार गाणी चार महिने लावत बसतात आणि ए गटाची पिशवी माळ्यावर तशीच. तुम्ही तसं करू नका. ताईंना मी हेच सांगितलं की ते सहा फोल्डर आहेत तसे राहू द्या, आधी 'मम्मी' फोल्डर उघडा.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना

ए गट बहुतेक वेळा कॅसेटवर असतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिलं, वेळेचा हिशोब. ६० मिनिटांची कॅसेट घ्यायला ६० मिनिटंच लागतात, यात शॉर्टकट नाही. १०० कॅसेट असतील तर १०० तास. रोज एक घेतली तर सव्वातीन महिने. हे आधी मान्य करा, म्हणजे मधेच सुटणार नाही.

चालू टेप मिळवा. हेड, म्हणजे टेप जिथे घासत जाते तो चकचकीत भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. तपकिरी मळ निघेल, निघू द्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या, वर्षानुवर्षं पडून टेप आवळलेली असते. आतल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लगेच लावू नका, हेडला लागली तर पुढच्या कॅसेटवर जाते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असतात. त्यावरची पट्टी अजून शाबूत असेल तर ती आधी तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजीच्या ओवीवर तुमच्या पंख्याचा आवाज टेप होईल.

आवाज एका बाजूला दबलेला, कंबल पांघरल्यासारखा वाटत असेल तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा. हेडचा कोन बदलतो आणि टाळ एकदम खणखणीत होतात. हे पहिल्यांदा ऐकाल तेव्हा तुम्हालाही आश्चर्य वाटेल. मला २०१६ मध्ये हे माहीत नव्हतं.

वायर हेडफोनच्या भोकातून काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावायची. डेस्कटॉपला मागे निळ्या रंगाचं भोक असतं ते. लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच भोक असतं, हेडफोन आणि माइक मिळून. तिथला माइक मोनो असतो आणि कमी आवाजासाठी बनवलेला, त्यामुळे टेपचा आवाज फाटतो. त्यासाठी लाइन-इन असलेला छोटा यूएसबी ऑडिओ अडॅप्टर घ्या. घेताना 'लाइन-इन आहे का' हे विचारूनच घ्या, कारण दिसायला सगळे सारखेच असतात.

रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी. फुकट आहे आणि पुरेसं आहे. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या जागी काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. भजनात गडबड कुठे होते सांगू का, गजर टिपेला गेला की. सुरुवातीच्या संथ अभंगावर पातळी लावली तर शेवटी टाळ फाटतात. म्हणून आधी कॅसेटच्या शेवटाकडे जाऊन तिथे पातळी लावा, मग मागे या.

आता स्वच्छ करण्याबद्दल. ऑडॅसिटीमध्ये खरखर कमी करायची सोय आहे, आणि नवीन माणूस ती जरा जास्तच फिरवतो. टाळांचा आवाज आणि टेपची खरखर साधारण एकाच पट्टीत असतात. खरखर काढायला गेलात की टाळ पाण्यात बुडवल्यासारखे वाजतात. करायचं असेल तर कॉपीवर करा. मूळ रेकॉर्डिंग जसं आलं तसंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही.

ठेवायचं कशात? सीडीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये मिनिटाला साधारण साडेदहा एमबी खातं. म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६३५ एमबीच्या आसपास, आणि १०० कॅसेट ६४ जीबीच्या आत. १ टीबीच्या डिस्कला हे काहीच नाही. पण वेव्हमध्ये टॅग नीट बसत नाही, एका प्लेअरला दिसतो तर दुसऱ्याला नाही. म्हणून ए गटाला फ्लॅक वापरा. आवाजातला एक कणही न टाकता फाइल लहान होते, टॅग व्यवस्थित देवनागरीत राहतो, आणि फाइलच्या आत आवाजाची एक खूण नोंदलेली असते, त्यामुळे काही वर्षांनी फाइल कुठे बिघडली आहे का ते तपासता येतं.

मोबाइलवर, गाडीत ऐकायला त्याच फ्लॅकवरून एमपीथ्री बनवा. उलटं होत नाही हे लक्षात ठेवा. १२८ केबीपीएसचा एमपीथ्री ३२० करून फक्त जागा वाढते, गेलेला आवाज येत नाही. मी २०१६ मध्ये जागा वाचवायला सगळं थेट १२८ वर घेतलं होतं. आणि कॅसेट भंगारात. त्यामुळे आण्णांची पेटी आता कायमची १२८ वरच आहे.

टॅगमध्ये काय भरायचं

इंग्रजी गाण्यांसाठी बनवलेल्या प्लेअरला एक 'आर्टिस्ट' पुरतो. आपल्याकडे एका गाण्याला तीन मालक असतात: लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा. 'अभंग तुकयाचे' घ्या. शब्द तुकोबांचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, आवाज लता मंगेशकरांचा. हे तिघे तीन वेगळ्या रकान्यांत गेले पाहिजेत. टॅगमध्ये संगीतकार आणि गीतकाराला स्वतंत्र रकाने आहेत, आपण वापरत नाही एवढंच. भरलेत की उद्या 'तुकाराम' शोधलं की लताबाईंचं, भीमसेनजींचं आणि आळीतल्या कापडवाल्या मामांचं, तिन्ही एका यादीत येतं.

गीतरामायण तर टॅगिंगची परीक्षाच आहे. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्याला सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, गाणी ५६. त्या मूळ प्रसारणात गाणारे वेगवेगळे होते, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, स्वतः बाबूजी होतेच. पुढे बाबूजींनी सगळी गाणी स्वतःच्या आवाजात केली, आणि आपल्या बहुतेकांच्या कानात तीच आहेत. आता तुमच्याकडे दोन्ही प्रकारची थोडी थोडी असतील आणि सगळ्यांना गायक म्हणून 'सुधीर फडके' लिहिलंत, तर एखाद्या दिवशी 'हे डबल आहे' म्हणून त्यातलं दुर्मिळ तेच उडवाल. म्हणून गायक गाण्याप्रमाणे वेगळा आणि 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात एकच नाव, म्हणजे अल्बम फुटत नाही.

शिवाय क्रम. गीतरामायण अकारविल्हे लावलंत तर रामायणाचंच महाभारत होईल. ट्रॅक नंबर भरा, आणि फाइलच्या नावातही ०१, ०२ असं दोन आकडी लिहा. नुसतं १, २ लिहिलं तर बरेच प्लेअर १ नंतर १०, ११ वाजवतात आणि २ नंबर विसाच्या आधी येतो.

'कट्यार काळजात घुसली' असेल तर अल्बमच्या नावात नाटक की चित्रपट ते लिहा. नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब वसंतराव. चित्रपट २०१५ चा, आणि खाँसाहेबांची गाणी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांच्या आवाजात. अल्बमचं नाव तेच ठेवलंत तर प्लेअर आजोबा आणि नातू एकाच ताटात वाढतो.

स्पेलिंग एकच ठेवा. सुधीर फडके, फडके सुधीर, बाबूजी, रोमनमध्ये पीएचने एक आणि एफने एक, असे पाच खातेदार मी एका लायब्ररीत पाहिलेत. माणूस एक. टॅलीत एका पार्टीची दोन लेजर उघडली की बाकी जुळत नाही, तसंच हे.

शेऱ्याचा रकाना मोकळा सोडू नका. बाजारातल्या गाण्यांना नसला तरी चालेल, पण ए गटाला तोच खरा माल आहे. 'पालखी मुक्कामाची रात्र, मृदंग अमुक काकांचा, मधे लाइट गेली म्हणून अर्धवट' हे कुठल्याही सॉफ्टवेअरला कधी कळणार नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. टॅग भरायला एमपीथ्रीटॅग, त्यात शंभर फाइली निवडून एकदम अल्बमचं नाव भरता येतं. बाजारातल्या सीडीसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड, ते आवाजावरून गाणं ओळखून माहिती आणतं. हिंदी-इंग्रजीला बरं चालतं, मराठीला माझा अनुभव असा की हातानेच भरावं लागतं. ऐकायला आणि लायब्ररी बघायला म्युझिकबी किंवा फूबार२०००. यापैकी कुठलंही घ्या, भांडू नका. माहिती टॅगमध्ये असेल तर प्लेअर बदलला तरी काही जात नाही.

मराठीत लिहावं की रोमनमध्ये? माझं मत: टॅग देवनागरीत, फाइलचं नाव रोमनमध्ये. जुन्या प्रकारच्या टॅगमध्ये एका रकान्याला ३० अक्षरांचीच जागा आणि तीही देवनागरीसाठी बनलेली नाही, म्हणून कधी कधी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. टॅगचं व्हर्जन आयडीथ्री २.३ निवडा, मराठी नीट राहतं. गाडीतल्या बऱ्याच स्टीरिओंना मात्र देवनागरी वाचता येत नाही, चौकोन दिसतात. तिथे रोमन नाव उपयोगी पडतं. एक बारीक भानगड अजून. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवर एक अक्षर म्हणून उमटतं आणि दुसऱ्यावर 'अ' वर चंद्र देऊन बनतं. दिसायला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. शोधून सापडत नसेल तर हे तपासा.

फोल्डरचं फार डोकं लावू नका. गायक, त्यात अल्बम आणि वर्ष, त्यात गाणी. बस. घरच्या रेकॉर्डिंगला गायकाऐवजी वर्ष आणि प्रसंग.

एक धंद्याची गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. सारेगामाने २०१७ मध्ये कारवां आणला, आत ५००० गाणी भरलेली. त्यातली कितीतरी गाणी लोकांना मोबाइलवर फुकट मिळत होती. तरी लोकांनी पैसे मोजले, का? कारण कुणीतरी ती गायकाप्रमाणे लावून दिली होती. लावण्याला किंमत आहे. (लावणीला पण आहे, तो वेगळा विषय.)

आणि ही लायब्ररी दुकानात मोठ्याने लावणार असाल तर थांबा. स्वतःच्या घरी ऐकायला ठेवणं वेगळं आणि गिऱ्हाइकांसमोर वाजवणं वेगळं. दुकान, हॉटेल, सलून इथे गाणी वाजवणं हे कायद्याने सार्वजनिक वाजवणं धरलं जातं, त्याला पीपीएल, आयपीआरएस यांसारख्यांचं लायसन्स लागतं. घरच्या वापराचं ॲपचं सबस्क्रिप्शन तिथे चालत नाही. यावर वेगळा व्हिडिओ करतो.

दुसरी आणि तिसरी कॉपी

३-२-१ लक्षात ठेवा. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. कॉम्प्युटरमध्ये एक, बाहेरच्या डिस्कवर एक, आणि ए गटाची एक इंटरनेटवर. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट आहे. त्यात फोटो आणि मेल पण धरतात, तरी घरच्या रेकॉर्डिंगचे एमपीथ्री त्यात आरामात बसतात. किंवा सरळ एक डिस्क बहिणीच्या घरी ठेवा. माझी तिसरी कॉपी बारामतीला बहिणीच्या कपाटात आहे.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं. घरी लिहिलेल्या जुन्या सीडींवरही भिस्त ठेवू नका, त्यांचा थर खराब होतो आणि मग त्या वाचल्या जात नाहीत. डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. पिवळं दिसलं की त्याच दिवशी माल हलवा.

आपण लक्ष्मीपूजनाला वही पूजतो, त्या दिवशी मी बाहेरची डिस्क लावतो आणि पाच-दहा फाइल कुठल्याही उघडून ऐकतो. पाडव्याला परत. कॉपी आहे हे माहीत असणं आणि कॉपी वाजते हे माहीत असणं, यात फरक आहे.

आणि मूळ कॅसेट टाकू नका. उभ्या ठेवा, ओल आणि स्पीकर यांपासून लांब. एवढंच.

त्या २३४ मुक्या फाइलींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी 'ओळख बाकी' असा फोल्डर केला. मंडळातले जे जुने लोक आहेत त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जातो. आधी मी नुसतं 'हा कोणाचा आवाज?' विचारायचो, तर उत्तर यायचं नाही. मग लक्षात आलं, त्यांना आवाजापेक्षा प्रसंग आधी आठवतो. कुत्रं भुंकतंय, मागे कुणीतरी चहा विचारतंय, त्यावरून ते घर ओळखतात आणि घरावरून माणूस. म्हणून कॅसेटमधल्या दोन भजनांमधली बडबड कधी कापू नका. मी काही ठिकाणी कापली होती, 'स्वच्छ' दिसावं म्हणून.

असं करत आता ६३ राहिल्यात. त्यातल्या एका फाइलमध्ये पेटी मधेच थांबते आणि कुणीतरी हसतं. पेटी आण्णांची आहे हे मला कळतं, हसणारा कोण ते नाही. आमचे मृदंगवाले काका आता मुलाकडे साताऱ्याला असतात, ऐकायला कमी येतं त्यांना. शनिवारी दुकान लवकर बंद करून जाणार आहे. चांगला हेडफोन घेतलाय त्यांच्यासाठी, आणि या वेळी टाइप करायला मुलीला बरोबर नेतोय.